वर ऊन, खाली गार

विज्ञान कोपरा
(पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी. धाकट्यांना ताई-दादांनी वाचून दाखवावे.)

मुलांनो, पौषातल्या सकाळी विहिरीवर जा, पोहरा वर ओढा आणि त्यात हात घाला. पाणी चक्क कोमट लागते. बाहेर थंडीने दात वाजत असतात आणि विहिरीतून मात्र वाफा निघत असतात! त्याच विहिरीत वैशाखातल्या भर दुपारी उतरा, अंगावर सर्रकन काटा येतो. "गुरुजी, हिवाळ्यात विहीर कोण तापवतं?" हा प्रश्न वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी विचारतोच. प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर नीट समजले, तर पोहायला कधी जावे, कुठे जावे आणि कुठे मुळीच जाऊ नये हेही त्यातूनच कळते. लेख जरा लांबला आहे. दोन मधल्या सुट्ट्यांत वाचा, पण पुरता वाचा.

आधी एक प्रयोग करू. तीन पातेली घ्या. एकात सोसेल इतके ऊन पाणी, दुसऱ्यात माठातले गार पाणी आणि मधल्या पातेल्यात दोन्ही निम्मे-निम्मे. डावा हात ऊन पाण्यात आणि उजवा गार पाण्यात मिनिटभर बुडवून ठेवा. मग दोन्ही हात एकदम मधल्या पातेल्यात घाला. डावा हात म्हणेल, पाणी गार आहे. उजवा म्हणेल, छे, ऊन आहे. पाणी तर एकच! याचा अर्थ असा की आपला हात तापमान मोजत नाही. मघाशी होते त्यापेक्षा ऊन की गार, एवढेच तो सांगतो.

विहिरीचे हेच गुपित आहे. उन्हाळ्याची ऊब जमिनीत फार सावकाश खाली झिरपते. ती दोन-चार हात खाली पोचते न पोचते तोवर वरचा ऋतू पालटलेला असतो. पाच-सहा पुरुष खोल गेले की तिथे ना उन्हाळा पोचतो ना हिवाळा. तिथला खडक वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाचा राहतो. आपल्या देशावरच्या भागात हे तापमान साधारण २५ अंशांच्या आसपास असते, आणि त्या खडकातून पाझरणारे झऱ्याचे पाणीही तेवढेच. पौषात पहाटे हवा १० अंशांवर उतरली की २५ अंशांचे पाणी कोमट वाटते. वैशाखात हवा ४० अंशांवर गेली की तेच पाणी गारगार. विहिरीला कोणी तापवत नाही आणि निववतही नाही. आपणच तापतो आणि निवतो!

(अंश म्हणजे सेल्सिअसचे अंश. अँडर्स सेल्सिअस या स्वीडनमधल्या शास्त्रज्ञाने १७४२ साली ही मोजपट्टी सांगितली. गंमत म्हणजे त्याने उकळत्या पाण्याला ० आणि बर्फाला १०० म्हटले होते. पुढे लोकांनी ती उलटी करून घेतली, ते बरेच झाले.)

आता तळ्याकडे येऊ. आपल्या भागातले पुष्कळ पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळात बांधले गेले. तुमच्या आज्या-आजोबांपैकी कितीतरी जणांनी त्या कामांवर पाट्या वाहिल्या असतील, घरी विचारा. पावसाचे पाणी अडवून जमिनीत मुरवावे यासाठी हे तलाव. विहिरीसारखा खडकाचा आडोसा त्यांना नाही. वरून ऊन, वारा, पाऊस, थंडी सगळे थेट. म्हणून तळ्याचे पाणी ऋतूप्रमाणे बदलते. पण हवेसारखे भराभर नाही बदलत. पाणी हा मोठा संथ प्राणी आहे म्हणा ना!

एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला एक कॅलरी उष्णता लागते. एक ग्रॅम कोरडी माती तेवढीच तापवायला त्याच्या सुमारे पाचव्या भागाइतकी उष्णता पुरते. म्हणून दुपारी काठावरच्या वाळूत पाय पोळतात आणि दोन पावलांवरचे पाणी गार असते. रात्री उलटे होते. वाळू लवकर निवते, पाणी मात्र ऊब धरून ठेवते. थंडीत पहाटे तळ्यावर धुके तरंगताना दिसते, ते याच उबेमुळे. कोमट पाण्याची वाफ वरच्या थंड हवेत गेली की तिचे बारीक थेंब होतात.

एवढे सगळ्या पुस्तकांत असते. पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती काठावर उभे राहून दिसत नाही.

उन्हाची निम्म्याहून जास्त उष्णता तळ्याच्या पहिल्या मीटरभर पाण्यातच शोषली जाते. पाणी गढूळ असेल तर आणखी वरच्यावर. म्हणजे चैत्र-वैशाखात तळे तापते ते वरून. चुलीवरचे पातेले खालून तापते. खालचे ऊन पाणी हलके होऊन वर येते, वरचे गार पाणी खाली जाते आणि सगळे पाणी ढवळून निघते. तळ्यात असे होतच नाही. ऊन पाणी आधीच वर आहे, ते हलके आहे, ते खाली का जाईल? ते वरच तरंगत राहते, दुधावरच्या सायीसारखे.

किती हलके? छतावरची १००० लिटरची काळी टाकी डोळ्यापुढे आणा. त्यात २० अंशांचे पाणी भरले तर त्याचे वजन सुमारे ९९८ किलो भरते. ३० अंशांचे भरले तर ते अडीच किलोने कमी भरते. टाकीच्या मानाने अडीच किलो म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण एवढ्या फरकावर पाण्याचे थर महिनोन्‌महिने एकावर एक राहतात. वारा आला तर वरचा थर ढवळतो, खालच्याला तो हलवू शकत नाही.

हवे तर घरी करून बघा. काचेच्या पेल्यात अर्धा पेला माठातले पाणी घ्या. दुसऱ्या भांड्यात ऊन पाण्यात दोन थेंब शाई टाका. पेल्यात चमचा आडवा धरून त्यावरून हे निळे ऊन पाणी अगदी हळू सोडा. निळा थर वर तरंगत राहील. आता उलटे करा. शाई गार पाण्यात टाका आणि ते ऊन पाण्यावर सोडा. क्षणात सगळा पेला निळा!

इथे आणखी एक गंमत आहे. पाणी सर्वांत जड असते ते ४ अंशांना. त्याहून गार झाले की ते पुन्हा हलके होऊ लागते आणि बर्फ तर पाण्यावर तरंगतोच. कडक हिवाळ्यात श्रीनगरचे दल सरोवर वरून गोठते, पण बर्फाखाली पाणी राहते आणि त्यात मासे जगतात, ते यामुळेच. आपली तळी काही गोठत नाहीत. पण आपल्याकडच्या ऊन पाण्याचा गुण वेगळा आहे. ४ अंशांचे पाणी ५ अंशांवर गेले तर १००० लिटरमागे ते जेमतेम ८ ग्रॅमने हलके होते. २९ अंशांचे पाणी ३० अंशांवर गेले तर सुमारे ३०० ग्रॅमने! म्हणून आपल्या तळ्यात वर-खाली दोन-तीन अंशांचाच फरक असला, तरी थर घट्ट टिकतात.

याचा पोहण्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. आहे, फार आहे. मे महिन्यात दुपारी काठावर बसून तुम्ही पाण्यात पाय सोडता. पाणी तीस-बत्तीस अंशांचे, छान ऊन. तुम्ही म्हणता, वा, पाणी झकास आहे! पण तुमच्या पायांना कळले ते वरच्या हातभर पाण्याचे. सूर मारलात की पुढच्या क्षणी तुम्ही दुसऱ्याच पाण्यात असता. उन्हात खेळून, धावून अंग तापलेले असते तेव्हा तर हा फरक चांगलाच जाणवतो. खोल विहिरीत तो सर्वांत जास्त. विहिरीच्या आत ऊन पडते ते भर दुपारी तासभर, तेही वरच्या पाण्यावर. खाली झऱ्याचे २५ अंशांचे पाणी.

अंगाला एकदम गार पाणी लागले की काय होते? आपल्या न कळत 'हा!' करून आपण मोठा श्वास आत घेतो. सकाळी आईने अचानक गार पाण्याचा तांब्या अंगावर ओतला की होते ना, तसेच. न्हाणीघरात त्याने काही बिघडत नाही. तोंड पाण्याखाली असताना तसे झाले, तर हवेच्या जागी पाणी आत जाते. पट्टीचा पोहणारासुद्धा अशा वेळी गडबडतो. पाणी २५ अंशांच्या खाली गेले की हा धक्का थोडा थोडा सुरू होतो आणि १५ अंशांच्या खाली तो फार जोराचा असतो. त्यात गार पाण्यात हातपाय आखडतात, पोटरीत गोळा येतो, पेटका येतो. म्हणून जुनी माणसे सांगतात ते अगदी शास्त्राला धरून आहे. उन्हातून आल्यावर आधी सावलीत बसावे, घाम जिरू द्यावा, मग हातपाय, तोंड, छाती ओली करावी आणि पायरी-पायरीने उतरावे. पहिल्याच फटक्याला वरून मुटका मारू नये.

गार पाण्याची सवय मात्र करता येते. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये इंग्लिश खाडी आहे. तिचे पाणी ऐन उन्हाळ्याच्या शेवटी १५ ते १८ अंशांचे असते. २७ सप्टेंबर १९५८ रोजी मिहिर सेन यांनी ती पोहून पार केली आणि पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर १९५९ रोजी, आरती साहा यांनी. ही खाडी पोहणाऱ्या त्या आशियातल्या पहिल्या महिला. खाडी पोहणारे लोक महिनोन्‌महिने गार पाण्यात रोज थोडा थोडा वेळ राहून अंगाला सवय लावतात, आणि पोहताना शेजारी नाव असते. नावेतली माणसे डोळ्यात तेल घालून पोहणाऱ्याकडे बघत असतात. ही नावेची गोष्ट विसरू नका, ती पुढे लागणार आहे.

मग फार ऊन पाणी चांगले का? तसेही नाही. शर्यतीच्या तलावांत पाणी २५ ते २८ अंशांचे ठेवतात. त्याहून बरेच ऊन पाण्यात जोराने पोहले तर अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. पाण्यातही घाम येतो, तो दिसत नाही एवढेच. तास-दोन तास डुंबून बाहेर आल्यावर डोके दुखते, गळून गेल्यासारखे होते, ते यामुळे. डुंबायला जाण्याआधी पोटभर पाणी प्या. पिण्याचे, तळ्याचे नव्हे!

आता वर्षभराचे तळे डोळ्यापुढे आणू.

उन्हाळ्यात वरचे पाणी ऊन, खालचे गार, हे झाले. पाणी आटलेले असते, त्यामुळे काठाला गाळ असतो. वरून सुकून भेगा पडलेला आणि आत लोण्यासारखा मऊ. त्यात गुडघाभर पाय रुतला की निघत नाही. पाणी हिरवेगार आणि रंग ओतल्यासारखे दिसत असेल, वर तवंग असेल, तर त्यात पोहू नये आणि जनावरेही पाजू नयेत. ती बारीक शेवाळाची वाढ असते आणि तिच्यातले काही प्रकार विषारी असतात.

मृग-आर्द्राचा पाऊस पडला की थर मोडू लागतात. ढगाळ हवेने आणि पावसाने पाणी गार होते. पण खरा बदल रंगाचा. ओढ्यांचे लोंढे माती, शेण, पालापाचोळा, शेतातली खते-औषधे सगळे घेऊन येतात. चहासारख्या पाण्यात स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. बुडालेला माणूस तर कुठून दिसणार? या दिवसांत तळ्यात उतरायचेच नाही. ओढ्याच्या तोंडाशी आणि सांडव्याजवळ तर काठावरही जायचे नाही. सांडव्यावरून वाहणारे पाणी घोट्याएवढे दिसते, पण ओढ असते ती मोठ्या माणसाला पाडण्याइतकी. शिवाय अंगावर जखम असली तर उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोचा ताप येतो. कोकणातल्या लोकांना तो चांगला माहीत आहे.

भाद्रपद-आश्विनात पाऊस उघडतो. गाळ खाली बसतो, पाणी निवळशंख होते, तळे काठोकाठ भरलेले आणि वर ऑक्टोबरचे ऊन. पोहायला सर्वांत मोह पडावा असे हेच दिवस. आणि माझ्या मते सर्वांत फसवे दिवसही हेच! कारण तुम्हांला आठवत असते ते मे महिन्यातले तळे. ज्या जागी आपण चेंडू-फळी खेळलो तिथे आता दोन पुरुष पाणी असते. त्यात गाळ उपसल्याचे खड्डे. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजना आली आणि कितीतरी तलावांतला गाळ यंत्राने काढून शेतांत पसरला गेला. काम फार चांगले, जमिनी सुधारल्या, तलावात पाणी जास्त मावू लागले. पण यंत्राने खणलेल्या खड्ड्याची कड सरळ उभी असते. गुडघाभर पाण्यातून चालत जाणाऱ्याचे पुढचे पाऊल थेट डोक्यावर पाणी! आणि खड्ड्यातले पाणी वरच्यापेक्षा गार. दोन्ही धक्के एकदम बसतात.

दिवाळीनंतर रात्री थंड होऊ लागतात. आता वरचे पाणी गार होऊन जड होते आणि खाली बसते, खालचे वर येते. हळूहळू सगळे तळे ढवळून एकाच तापमानाचे होते. पौषात पहाटे देशावरच्या तळ्याचे पाणी २० अंशांच्या आसपास येते. या उलथापालथीत कधी कधी तळाचे कुजके पाणी वर येते, वास सुटतो आणि मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासू लागतात. लोक म्हणतात, कोणी औषध टाकले. दर वेळी तसे नसते. तळाशी साचलेल्या, प्राणवायू नसलेल्या पाण्याचाही तो प्रताप असू शकतो. थंडीत पोहताना पाण्यापेक्षा बाहेर येणे जास्त अवघड. ओल्या अंगावर वारा लागला की पाण्याची वाफ होते आणि एक ग्रॅम पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता अंगातून नेते. ओठ निळे पडले, बोलताना जीभ अडखळू लागली, की मुकाट्याने बाहेर यायचे, अंग कोरडे करायचे आणि कोरडे कपडे घालायचे. पैज लावून पाण्यात बसायचे नाही. पाणी हवेपेक्षा पंचवीसएक पट वेगाने अंगाची ऊब ओढते.

काही गावांत तळ्याच्या, डोहाच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड असतात. त्या साती आसरा. तिथे पोरं पाण्यात ओढली जातात, म्हणून आजी आपल्याला तिकडे जाऊ देत नाही. आजीला हसू नका. पाण्यात ओढणारे कोणी नसते, हे शास्त्र सांगते. पण एकाएकी खोल होणारा डोह, तळाचे गार पाणी, पायात गुंतणारे पाणशेवाळ, कपारी, हे सारे खरेच असते. ज्यांच्याकडे ना थर्मामीटर होता ना मोजायची दोरी, त्यांनी धोक्याच्या जागेवर शेंदराची खूण केली असेल, असे मला वाटते. कारण बदलले, तरी तिथे एकट्याने जाऊ नये हे बदलत नाही.

आता शेततळ्याचे. हा भाग दोनदा वाचा आणि घरी मोठ्यांदा वाचून दाखवा.

२०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली तेव्हापासून शिवारात शेततळी पुष्कळ झाली. त्यांतल्या बऱ्याच तळ्यांना पाणी मुरू नये म्हणून प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. पाणी थोडे, कागद बहुधा काळा, त्यामुळे वरचे पाणी लवकर तापते. पाणी स्वच्छ, निळसर, संथ, ऊन. तळ्यापेक्षा छान वाटते. पण त्याच्या चारी बाजू उतरत्या असतात आणि कागदावर बारीक शेवाळ धरते. त्यावर ओला पाय ठरत नाही, हाताला धरायला ना दगड ना मूळ. चांगले पोहता येणारा मुलगाही काठाशी येतो, वर चढतो, घसरतो, पुन्हा चढतो, पुन्हा घसरतो, आणि शेवटी दमतो. महाराष्ट्रात अशा तळ्यांत मुले बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. कधी वाचवायला उतरलेला भाऊ किंवा बापही त्याच कागदावरून घसरतो. म्हणून शेततळ्यात पोहायचे नाही. पाणी कितीही चांगले असो, पोहता येत असो वा नसो. घागर भरायला वा चेंडू काढायलाही नाही.

आणि घरी शेततळे असेल तर वडिलांना, काकांना एवढे सांगा. भोवती कुंपण हवे. चारी बाजूंना काठावर मजबूत खुंटा रोवून त्याला जाड दोर बांधावा, दोराला हात-हातभर अंतरावर गाठी माराव्यात आणि तो पाण्यात सोडून ठेवावा. ट्रॅक्टरच्या जुन्या चाकाची हवा भरलेली ट्यूब पाण्यावर तरंगत ठेवावी. खर्च थोडका आहे. मोटारीसाठी माणूस हजारो रुपये घालतो, तिथे दोर काय जड आहे!

कोणी बुडताना दिसले तर? आपण उडी मारायची नाही. हे वाचून काहींना वाटेल, गुरुजी भित्रेपणा शिकवतात. नाही. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला कवटाळतो, आणि मग दोघेही खाली जातात. आधी जोराने ओरडा, मोठ्यांना बोलवा. तोवर काठावर पालथे पडून लांब काठी, बांबू, दोर पुढे करा. काहीच नसेल तर धोतर, उपरणे, साडी. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकला तर तो माणसाला तरंगता ठेवतो. ऑगस्ट २०२० मध्ये तामिळनाडूत पेरंबलूर जिल्ह्यातल्या कोट्टराई धरणाच्या पाण्यात चार तरुण बुडत होते. काठावरच्या तीन बायांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या आणि त्यांच्या आधाराने दोघांना ओढून काढले. दोघे मात्र हाती लागले नाहीत. त्या बायांना पोहण्यापेक्षा साडी फेकण्याचे सुचले, म्हणून दोन जीव वाचले.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, डोक्यावर धरून गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे, हे करू नये. त्यात मोलाचा वेळ जातो आणि पोटातले पाणी उलट श्वासनळीत शिरते. श्वास चालत नसेल तर माहीतगार मोठ्या माणसाने लगेच तोंडाने श्वास द्यावा आणि छाती दाबावी. दुसऱ्याने १०८ ला फोन करून गाडी बोलवावी. शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी दवाखान्यात न्यायचेच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही होतो.

पोहायला शिकू नका, असे मात्र मी मुळीच म्हणत नाही. शिकाच! मुलींनी तर जरूर शिकावे. अजून पुष्कळ घरांत मुलींना विहिरीवर धुणे धुवायला पाठवतात आणि पोहायला शिकवत नाहीत, हे मला पटत नाही. पायऱ्या असलेली, कठडा असलेली विहीर निवडावी. वाळवलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा कमरेला बांधावा. भोपळा तडकलेला नाही ना, हे दर वेळी बघावे. आणि काठावर पोहता येणारा मोठा माणूस हवा, जो गप्पा मारत नाही आणि मोबाइल बघत नाही. आठवते ना खाडीतली नाव? तेच काम त्याचे.

आता आपले काम. सोमवारपासून सहावी-सातवीची मुले पाण्याचे तापमान नोंदवणार आहेत. शाळेच्या कपाटात दोन थर्मामीटर आहेत. तापाचा थर्मामीटर चालत नाही, तो फक्त अंगाच्या तापाजवळचेच अंश दाखवतो. विहिरीच्या वरच्या पाण्याचा पोहरा काढायचा आणि थर्मामीटर पाण्यातच ठेवून वाचायचा, बाहेर काढून नव्हे. खालच्या पाण्यासाठी काचेची बाटली घ्यायची, बुडाला दगड बांधायचा, बुचाला वेगळी सुतळी बांधायची. बाटली हवी तितकी खाली सोडून बुचाला हिसका द्यायचा. बुडबुडे थांबले की बाटली भरली. भराभर वर ओढून लगेच तापमान वाचायचे. दोरीला हात-हातभर अंतरावर रंगाच्या खुणा करून ठेवा, म्हणजे खोली कळेल.

पाणी किती निवळ आहे तेही मोजता येते. १८६५ साली सेक्की नावाच्या इटलीतल्या एका शास्त्रज्ञाने पांढरी थाळी दोरीने समुद्रात सोडून ती कुठवर दिसते ते मोजले. आजही जगभर हीच रीत आहे. आपण जुन्या डब्याचे झाकण पांढरे रंगवून घेऊ. झाकण दिसेनासे होते तिथे दोरीला चिमटा लावायचा.

नोंदवहीत तारीख, वेळ, हवेचे तापमान, वरच्या पाण्याचे, खालच्या पाण्याचे, झाकण किती हात दिसले आणि आभाळ कसे होते, असे रकाने आखा. वेळ रोज एकच हवी, सकाळी शाळा भरण्याआधी आणि दुपारी तीन वाजता. शनिवारी तळ्यावर जायचे ते भरावाच्या दगडी पायऱ्यांपर्यंतच आणि आम्हा शिक्षकांपैकी कोणी बरोबर असेल तरच. वैशाखापर्यंतचे आकडे जमले की याच फळ्यावर आलेख काढून लावू. वरच्या पाण्याची रेघ लाल, खालच्या पाण्याची निळी. थर्मामीटर काचेचा आहे, सुती कापडात गुंडाळून न्यायचा आणि आल्यावर कपाटात ठेवून वर्गनायकाने सही करायची.